मदत हवी आहे: गोव्यात दारू सोडवणारं चांगलं केंद्र कुठलं? तातडीचं आहे

डिचोलीवाला (सकाळी ७:४०)
गोव्यातलं चांगलं व्यसनमुक्ती केंद्र सुचवा. दाखल करून घेणारं हवं, नुसतं समुपदेशन नको. खर्च किती, किती दिवस ठेवतात, घरच्यांना भेटू देतात का, एवढंच सांगा. गूगलवर सगळेच आपलं केंद्र पहिल्या नंबरचं म्हणतात आणि फोन केला की आधी पैशांचं बोलतात. पुण्या-मुंबईचं सुचवू नका, तिकडे नेणं आम्हाला जमणार नाही. आजच्या आज ठरवायचं आहे.

तात्या_म्हापसा (७:५८)
कोणासाठी? वय काय? दारूच की आणखी काही? स्वतः यायला तयार आहे का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार? तरुण पोरगा किनाऱ्याकडच्या गोळ्या-पावडरीत अडकला असेल तर ती गोष्ट वेगळी, आणि साठीतला माणूस रोज तावेर्नात, म्हणजे गुत्त्यात, बसत असेल तर ती वेगळी.

वाळपईकर (८:०५)
तुम्ही पुणे नको म्हणालात तरी सांगतो, मुक्तांगणच बघा. १९८६ पासून चाललंय, ३५ दिवस ठेवतात, घरच्यांनाही समजावून सांगतात. माझा मेव्हणा तिथूनच सुधारून आला. इथे गोव्यात ठेवलं की दहा मित्र भेटायला येतात आणि बाहेर पडल्या दिवशी परत तेच सुरू. गाव सुटल्याशिवाय दारू सुटत नाही हे माझं ठाम मत आहे.

काजूबोंड (८:११)
काय पितात ते महत्त्वाचं. हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही, ती सौम्य असते आणि मार्च ते मे एवढाच सीझन. शरीराची वाट लागते ती या बाटलीबंद स्वस्त व्हिस्कीने. आमच्या आजोबांनी आयुष्यभर घरची फेणी घेतली.

सुमेधा_पर्वरी (८:२०)
@काजूबोंड, हुर्राक कमी कडक असते हे खरं, पण माणूस ती त्याच हिशेबाने जास्त पितो. अल्कोहोल दोन्हीकडे एकच. कृपया असं लिहू नका, कोणी खरं धरून बसेल.

@डिचोलीवाला, पर्वरीत 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करते. त्यांनी इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून दारू पिणाऱ्या पुरुषांशी थोडक्या भेटींत बोलण्याचा प्रयोग केला. २०१७ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. औषधाशिवाय, नुसत्या बोलण्याने अनेकांचं पिणं थांबलं किंवा कमी झालं. तिथे विचारून बघा.

विठूचा_वारकरी (८:३१)
दादा, माळ घाला. दुसरं काही नको. आमच्या वाड्यावरचे किती जण पंढरपूरला जाऊन माळ घालून आले, त्यांनी परत ग्लासाला हात लावला नाही. औषधाची सवय लागते, माळेची लागली तरी चांगलंच.

डिचोलीवाला (८:४४)
दारूच. वडील, वय ६१. यायला तयार नाहीत, इस्पितळाचं नाव काढलं की अंगावर येतात. म्हणून तर केंद्राचं विचारतोय, इस्पितळाचं नाही. संगाथचं वाचलं, पण बाबा कोणाशी बोलायच्या मनःस्थितीत नाहीत. दाखल करून घेणारं सांगा.

निशिगंधा (८:५०)
मी परिचारिका आहे. दादा, रोज किती घेतात? सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का? आणि शेवटचं कधी प्यायले? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या.

डिचोलीवाला (९:०२)
सकाळी लागतेच. त्याशिवाय चहाचा कप हातात धरता येत नाही. पूर्वी असं नव्हतं हो. बाबांचे खाणीवर दोन ट्रक होते. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा एक विकला. मग सुरू झाल्या, मार्च २०१८ ला परत बंद. दुसरा ट्रक अंगणात उभ्या उभ्या गंजला, बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. सगळी सुरुवात तिथून. सरकारने आमच्या भागातल्या माणसांचं काय केलं, हे कोणी विचारत नाही.

फोंड्याचो (९:०९)
२०१८ ला खाणी सरकारने नाही, सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या. ८८ लीज रद्द झाल्या त्या नियम धाब्यावर बसवून नूतनीकरण केलं म्हणून. आणि खाणी चालू होत्या तेव्हा डिचोली-साखळीकडे कोणी पीत नव्हतं का? ट्रकवाल्यांच्या हातात रोख पैसा खेळायचा तेव्हाच सवयी लागल्या.

साखळीचा_वाटसरू (९:१५)
@फोंड्याचो, फोंड्यात बसून बोलणं सोपं आहे. ज्यांच्या दारात ट्रक उभे राहिले त्यांना विचारा. गॅरेजवाले, टायरवाले, चहाचे गाडे, सगळं एका दमात बसलं.

निशिगंधा (९:१७)
खाणींचं नंतर बोला. @डिचोलीवाला, शेवटचं कधी प्यायले?

डिचोलीवाला (९:३३)
परवा रात्री. आईने आणि मी घरातल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या आणि नाक्यावरच्या दुकानदारालाही सांगून ठेवलं. तेव्हापासून एक थेंब नाही. सुटतेच आहे तर लगेच केंद्रात टाकावं म्हणून घाई. काल रात्रभर झोपले नाहीत, बिछान्यावर बसून स्टिअरिंग फिरवल्यासारखे हात फिरवतात आणि 'मागे घे, मागे घे' म्हणून क्लीनरला हाका मारतात. तो क्लीनर केव्हाच गावी गेला. घामाने बनियन चिंब आहे. आई म्हणते दारू अंगातून बाहेर पडतेय, उद्यापर्यंत उतरेल.

निशिगंधा (९:३६)
दादा, हे उतरणार नाही, चढणार आहे. आत्ता १०८ ला फोन करा. केंद्र शोधणं थांबवा.

खूप वर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की मेंदू खवळतो. पहिल्या दिवशी थरथर आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हे असं सुरू होतं: नसलेली माणसं दिसणं, आपण कामावर आहोत असं वाटून हात चालत राहणं. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. यात माणूस दगावू शकतो. वेळेवर इस्पितळात पोचला तर बहुतेक जण वाचतात.

गाडी येईपर्यंत: एकटं सोडू नका. उजेड ठेवा, पंखा ठेवा, शांतपणे नाव घेऊन बोला. बांधून ठेवू नका. आकडी आली तर तोंडात चमचा वगैरे काही घालू नका, कुशीवर वळवा. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्या पाकिटासकट बरोबर घ्या.

गुणकारी_चूर्ण (९:४०)
न सांगता चहात किंवा आमटीत घालायची पावडर मिळते. रुग्णाला कळतही नाही आणि दारूचा वासच नकोसा होतो. माझ्या माहितीतल्या अनेकांना फरक पडला. इच्छुकांनी व्यक्तिगत निरोप करावा.

तात्या_म्हापसा (९:४३)
@गुणकारी_चूर्ण, हे इथे लिहू नका. अशा पावडरीत काय असतं ते पाकिटावर लिहिलेलं नसतं, आणि बऱ्याचदा डायसल्फिराम असायची शक्यता असते. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर मरूही शकतो. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहतो. डॉक्टर ते देतात तेव्हा रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीने देतात. चोरून देणं म्हणजे विष घालणं.

वाळपईकर (९:४६)
डिचोलीतल्याच सामाजिक आरोग्य केंद्रात नेऊन सलाईन लावून घेतलं तर नाही का चालणार? आमच्याकडे तसंच करतात, दोन बाटल्या लावल्या की माणूस शुद्धीवर येतो.

निशिगंधा (९:५१)
जवळचं केंद्र पहिला उपचार देऊन पुढे पाठवू शकतं, त्याला हरकत नाही. पण 'नुसतं ग्लुकोज लावा' असा आग्रह कोणीच धरू नका. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे ब १ जीवनसत्त्व, बऱ्याचदा फार कमी उरलेलं असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गाडीतल्या माणसाला आणि कॅज्युअल्टीत पहिल्या वाक्यात सांगा: रोज पिणारे आहेत, परवा रात्रीपासून बंद आहे, भास होतायत. लाजून 'ताप आहे' म्हणू नका. लोक नेमकं हेच लपवतात, आणि डॉक्टरांची वेळ भलत्याच तपासण्यांत जाते.

पेडण्याची_मावशी (९:५८)
माझ्याही मनात एक आहे म्हणून विचारते. बहिणीचा मुलगा १७ वर्षांचा, गांजा ओढतो असा संशय. पोलिसांत नाव जाईल म्हणून ती कुठे दाखवत नाही. काय करावं?

तात्या_म्हापसा (१०:०४)
म्हापशाला उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ आहे, डिचोलीहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपेक्षा जवळ. तिथेच न्या.

साखळीचा_वाटसरू (१०:०८)
नाही, सरळ बांबोळी. अशा केसला आयसीयू लागलं तर म्हापशाहून परत हलवावं लागेल.

निशिगंधा (१०:१०)
ते १०८ वाल्यांना ठरवू द्या.

डिचोलीवाला (१०:१४)
गाडी आली. निघालो. गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) नेतायत.

सुमेधा_पर्वरी (१०:४०)
देव करो नि सगळं ठीक होवो. मी वर लिहिलेल्या प्रयोगाबद्दल एक स्पष्ट करते, नाहीतर वाचणारा चुकीचा अर्थ काढेल. तो हानिकारक पिणाऱ्यांसाठी होता, पूर्ण अवलंबून असलेल्यांसाठी नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, तिच्यात १२ ते १९ गुण मिळालेले पुरुष त्यात घेतले होते. सकाळी उठून घ्यावी लागते त्याची पायरी वेगळी, तिथे आधी डॉक्टर.

@पेडण्याची_मावशी, अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४अ आहे. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला, थोड्या प्रमाणातल्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यासाठी, खटल्यापासून संरक्षण मिळतं. आणि नुसत्या संशयावर मुलाला कुठे दाखल करायची घाई नको. आधी १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा १४४१६ वर टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा) बोला. दोन्ही मोफत आहेत.

विठूचा_वारकरी (११:१५)
मी अजूनही म्हणतो, माळच खरी. पण आधी जीव वाचू दे.

तात्या_म्हापसा (११:३०)
माळ शरीर स्थिर झाल्यावर घालावी, म्हणजे भांडणच मिटलं. माळेमुळे माणसाला चार न पिणारे सोबती मिळतात, ते औषधाने मिळत नाहीत. एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला गट) सुद्धा त्याच तत्त्वावर चालतं. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरत सुरू केलं, आज गोव्यातही बैठका होतात. फी नाही, नाव विचारत नाहीत.

डिचोलीवाला (रात्री ९:२०)
बाबा वॉर्डात आहेत. वाटेत गाडीतच एक आकडी आली, पण गाडीतल्या पोराने सांभाळलं. आता औषधं देऊन झोपवलंय. डॉक्टर म्हणाले काही दिवस इथे, मग आयपीएचबीत (इथल्या सरकारी मनोरुग्णालयात) व्यसनमुक्तीसाठी बोलून बघू. निशिगंधाताई, देव बरें करूं.

आता खरा प्रश्न. शुद्धीवर आले की ते घरी चला म्हणणार हे मला माहीत आहे. जबरदस्तीने ठेवता येतं का? आणि नंतर काय?

अरुणोदय (९:४५)
कोर्टात काम करतो म्हणून लिहितो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. माणूस स्वतः तयार असेल तर तो स्वतःच्या सहीने दाखल होतो आणि साधारणपणे हवं तेव्हा जाऊ शकतो. तयार नसेल तर कलम ८९ आहे: नामनिर्देशित प्रतिनिधीने (रुग्णाच्या वतीने बोलायला ठरवलेल्या माणसाने) अर्ज करायचा, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक स्वतंत्रपणे तपासतात. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असेल किंवा माणूस स्वतःची काळजी घ्यायच्या स्थितीत नसेल, तरच, जास्तीत जास्त ३० दिवस. बाप पितो म्हणून मुलाने उचलून टाकला, असं चालत नाही.

खासगी केंद्रात नेणार असाल तर आधी या कायद्याखालचं नोंदणीपत्र मागा. दाखवायला कुरकुर केली तर तिथून निघा. मी एका ठिकाणी माणसाला खाटेला साखळीने बांधलेला बघितलाय. कलम ९५ प्रमाणे ते सरळ बेकायदेशीर आहे. जागेचं नाव इथे देत नाही.

तात्या_म्हापसा (१०:०२)
नंतरसाठी क्रिपा फाउंडेशनचं गोव्यातही काम आहे, मुंबईच्या वांद्र्यातून १९८१ ला एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी सुरू केलेली संस्था. ख्रिस्ती नाही म्हणून दारं बंद नसतात. दाखल करताना काय औषधं चालू आहेत ते बघून घेतात का, डॉक्टर रोज येतात का, एवढं विचारा.

वाळपईकर (१०:१०)
मी अजूनही मुक्तांगणच म्हणेन. तिथे बायकांचाही गट आहे, 'सहचरी' म्हणून. डिचोलीवाले, तुमच्या आईचं कोणी विचारलंच नाही. तिने हे सगळं किती वर्षं काढलं असेल.

डिचोलीवाला (१०:२५)
आई इथेच बाकावर आहे. जेवली नाही. तिच्यासाठी आपल्याकडे काही आहे का?

निशिगंधा (१०:३१)
आहे. नातेवाइकांसाठी अल-अनॉन असतं, एएच्या लोकांना विचारलं की बैठक कुठे ते सांगतात. आणि उद्या वॉर्डात डॉक्टर येतील तेव्हा तिलाही समोर बसवा, समाजसेविकेला भेटायचंय म्हणून सांगा. बाबा शुद्धीवर आले की 'घरी चला' म्हणणारच. तेव्हा भांडू नका, त्यांना रात्री काय झालं होतं ते शांतपणे सांगा, बऱ्याच जणांना काहीच आठवत नसतं. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी ओढ कमी करणारी औषधं आहेत. यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी बघून डॉक्टर त्यातलं काय द्यायचं ते ठरवतील, म्हणून ते रिपोर्ट फाइलमध्ये लावलेत का ते तुम्ही स्वतः बघा. आता कँटीनमधून तिच्यासाठी काहीतरी आणा, बंद व्हायच्या आधी.

फोंड्याचो (१०:४४)
दादा, मघाशी खाणीवरून बोललो ते बाजूला ठेवा. मी कामाला बांबोळीलाच असतो. उद्या दुपारी डबा घेऊन येतो, वॉर्ड नंबर निरोपात टाका.

पेडण्याची_मावशी (१०:५०)
सुमेधाताई, १४४१६ वर मराठीत बोलतात का?

सुमेधा_पर्वरी (१०:५५)
हो, सुरुवातीला भाषा निवडता येते. बहिणीला शेजारी बसवूनच फोन लावा.