मदत हवी आहे: बेसबॉल फलंदाजाची कारकीर्द लीगच्या सरासरीशी ताडून पाहण्याची योग्य रीत कोणती?

नमस्कार मंडळी,

बॉस्टन रेड सॉक्सचे जुने खेळाडू कार्ल यस्ट्रेम्स्की यांच्या फलंदाजीचा वर्षवार तक्ता मी एक्सेलमध्ये मांडते आहे आणि एका हिशेबापाशी अडले आहे. संख्याशास्त्राची जाण असलेल्या किंवा हा खेळ नियमित पाहणाऱ्या सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

क्रिकेटची सवय असलेल्यांसाठी एक खुलासा करते. बेसबॉलमधील सरासरी म्हणजे दर बाद होण्यामागे काढलेल्या धावा नव्हेत, तर अॅट-बॅट म्हणून मोजल्या गेलेल्या संधींपैकी किती संधींत हिट (फटका मारून सुखरूप तळ गाठणे) मिळाली याचे प्रमाण होय. यस्ट्रेम्स्की १९६१ ते १९८३ असे २३ हंगाम एकाच संघाकडून खेळले. ११,९८८ अॅट-बॅटमध्ये ३,४१९ हिट, म्हणजे सरासरी ०.२८५. एवढाच आकडा पाहून त्यांना साधारण फलंदाज ठरवणारे भेटतात, तेव्हा मला ते मनापासून खटकते.

तक्त्यातील १९६८ ची ओळ पाहावी. त्या वर्षी पिचरांचा (चेंडू फेकणाऱ्यांचा) असा वरचष्मा होता की अमेरिकन लीगची (दोन प्रमुख लीगपैकी रेड सॉक्स जिच्यात खेळतात तिची) सरासरी ०.२३० वर आली आणि यस्ट्रेम्स्की ०.३०१ वर अव्वल ठरले; क्रमवारीस पात्र ठरलेल्यांपैकी दुसऱ्या कोणालाही ०.३०० गाठता आले नाही. पुढच्याच हंगामात पिचर ज्यावरून चेंडू फेकतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. याउलट १९३० साली दुसऱ्या लीगमधील, म्हणजे नॅशनल लीगमधील, फलंदाज बिल टेरी यांनी ०.४०१ ची सरासरी राखली, पण तेव्हा त्या सबंध लीगचीच सरासरी ०.३०३ होती.

माझी खरी अडचण इथे सुरू होते. यस्ट्रेम्स्की यांच्या त्या वर्षी ५३९ अॅट-बॅटमध्ये १६२ हिट आहेत. लीगच्या सरासरीने तेवढ्याच संधींत १२४ झाल्या असत्या, म्हणजे ३८ जादा. टेरी यांच्या ६३३ मध्ये २५४ आहेत. सरासरीने १९२, म्हणजे ६२ जादा. यस्ट्रेम्स्की यांना टेरी यांच्याइतक्या संधी धरल्या तरी जादा हिट ४५ च्या आसपासच राहतात. मात्र वजाबाकीऐवजी भागाकार केला, तर एकाचे गुणोत्तर १.३१ आणि दुसऱ्याचे १.३२ येते, म्हणजे दोघे जवळजवळ बरोबरीचे ठरतात. संपूर्ण कारकिर्दीसाठी यांपैकी कोणते माप धरावे?

२३ वर्षांच्या लीग-सरासऱ्यांची नुसती सरासरी मी घेतलेली नाही, कारण खेळाडूंच्या संपामुळे मध्येच खंडित झालेल्या १९८१ च्या हंगामाला पूर्ण हंगामाइतके वजन देणे मला पटत नाही. दरवर्षीची लीग-सरासरी त्यांच्या अॅट-बॅटने गुणून मी अपेक्षित हिटची बेरीज करते आहे. हे बरोबर असावे, असे वाटते.

दुसरी शंका पिचरांच्या फलंदाजीची आहे. अमेरिकन लीगमध्ये डेजिग्नेटेड हिटरचा (पिचरऐवजी दुसऱ्या खेळाडूने फलंदाजी करण्याचा) नियम १९७३ साली आला. तोपर्यंत पिचर स्वतः फलंदाजीला येत आणि लीगची सरासरी खाली ओढत. यस्ट्रेम्स्की यांचे १२ हंगाम या नियमाच्या आधीचे आणि ११ नंतरचे आहेत. पहिल्या १२ वर्षांतून पिचरांचे आकडे वगळावेत, असे माझे मत आहे, मग त्यांची आघाडी थोडी कमी झाली तरी चालेल. प्रत्यक्षात कोणी असे करते का?

शिवाय निम्मे सामने रेड सॉक्सच्या घरच्या मैदानावर, फेनवे पार्कवर, झालेले आहेत. तिथली डावीकडची ३७ फूट उंच भिंत, जिच्यापुढे ते स्वतः वर्षानुवर्षे क्षेत्ररक्षण करीत, एरवी झेल ठरले असते असे कित्येक फटके हिटमध्ये बदलते. मैदानाचा परिणाम वजा करणारे ओपीएस प्लस हे माप मला माहीत आहे. त्यात सरासरी खेळाडू १०० असतो आणि यस्ट्रेम्स्की १३० आहेत. परंतु त्यात वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फटक्याविना मिळणारा पहिला तळ) आणि लांब फटक्यांचेही वजन येते, आणि मला फक्त हिटपुरता हिशेब हवा आहे. त्यासाठी मैदानाचा गुणक अपेक्षित हिटच्या निम्म्या भागालाच लावावा, की घरचे आणि बाहेरचे सामने अगदी वेगळ्या रकान्यांत मांडावेत?