डाळिंबात क्रॉस (संकर) लागत नाही, उन्हाने परागकण मरतात का? मदत हवी आहे

माळावरची_कळी
'भगवा' जातीच्या डाळिंबावर रानटी 'दारू' डाळिंबाचे पराग टाकतोय. सेटिंग (फळधारणा) होतच नाही, फूल पिवळं पडून देठासकट गळतं. इथे सोलापुरात दुपारी ४१-४२ अंश आहे. अॅसिटोकार्मिन या लाल रंगात बुडवले की पराग लालभडक दिसतात, म्हणजे जिवंत आहेत ना? मग अडतंय कुठं? ऊन सोसणारा पराग देणारी झाडं निवडायची आहेत, त्यासाठी चाचणीही सांगा. लवकर सांगा, बहार संपत आलाय.

भीमाकाठ
आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीचा) का? पाणी कधी सोडलं? जानेवारीत सोडलं असेल तर आत्ताची फुलं शेवटच्या लाटेतली, त्यात नर कळीच, म्हणजे घंटीच्या आकाराची, जास्त निघते. मादी म्हणून कुठलं फूल घेताय, सुरईच्या आकाराचं की घंटीच्या? घंटीच्या फुलात बीजकोश वाढलेलाच नसतो, ते कुठलेही पराग टाकले तरी गळणार.

सेटिंग_स्पेशल
बोरॉन कमी पडलंय. लिटरला १ ग्रॅम बोरिक अॅसिड, संध्याकाळी फवारा. परागनळी (परागातून बीजकोशाकडे वाढणारी नळी) बोरॉनशिवाय वाढत नाही.

स्लाइडवाला
नळीला बोरॉन लागतं हे खरं, पण पानांचा रिपोर्ट न बघता फवारणी कशाला? बोरॉन जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात. मुद्दा रंगाचा आहे. अॅसिटोकार्मिन फक्त आत पेशीद्रव्य आहे एवढंच दाखवतं. उन्हाने नुकताच मेलेला परागही तितकाच लाल दिसतो. नळी फुटते का ते रुजवूनच बघायला हवं.

त्यासाठी ब्रुबेकर-क्वाक द्रावण (पराग रुजवायचं) करा. १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात साखर (सुक्रोज) १० ग्रॅम, बोरिक अॅसिड १० मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ३०, मॅग्नेशियम सल्फेट २०, पोटॅशियम नायट्रेट १०. खळग्याच्या स्लाइडवर थेंब टाकून पराग भुरभुरा, ओला टिपकागद घातलेल्या पेट्रीडिशमध्ये झाकून ठेवा आणि काही तासांनी मोजा. नळी परागाच्या व्यासापेक्षा लांब असेल तरच रुजला म्हणायचं. एकाच कोपऱ्यात मोजू नका, वेगवेगळ्या जागा मिळून ३०० तरी कण व्हायला हवेत. आणि पराग आणले कुठून, ठेवले कसे? ते लिहिलंच नाही तुम्ही.

माळावरची_कळी
फुलं सुरईचीच घेतो. पराग मागच्या हंगामातले, मागवलेले. प्लास्टिकच्या डबीत, फ्रीजच्या दारात. रुजवणही करून बघितलं होतं, टेबलावर, जवळजवळ शून्य. म्हणून तर म्हणतो उन्हाने मेले.

स्लाइडवाला
अहो, हे आधी सांगायचं! दारूचे पराग तुमच्या शेतातल्या उन्हात तयारच झालेले नाहीत. ते मेले असतील तर साठवणीत. बंद डबीत ओल धरते, आणि दार उघडलं की तापमान हलतं. परागकोश सावलीत सुकवून पराग बटरपेपरच्या पुडीत घाला, पुडी सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या खड्यांच्या) बाटलीत. थोड्या दिवसांसाठी ४ अंश चालतं, हंगामभर ठेवायचे तर उणे २०.

शिवाय टेबलावर किती तापमान होतं? एप्रिलमध्ये सोलापुरात बंद खोलीत ३८ सहज असतं. अशा खोलीत चांगला परागही नीट रुजणार नाही, चाचणीच खोटी पडते. २५ अंशाला ठेवा. साठवलेला पराग थेट थेंबात टाकू नका, आधी अर्धा तास दमट डब्यात उघडा ठेवा. कोरडा कण एकदम पाणी पितो आणि फुटतो.

केशरी_सुरई
सगळे परागामागेच लागलात. पिशवी कसली घालताय? कळीचे पुंकेसर काढताना पाकळ्या, कॅलिक्स (फुलाचं बाहेरचं जाड लाल कवच) कापता का?

माळावरची_कळी
बटरपेपर. कॅलिक्स अर्धा कापतो, नाहीतर खालचे पुंकेसर निघत नाहीत.

केशरी_सुरई
मग गळ तिथेच आहे. उन्हात बटरपेपरच्या आत बाहेरपेक्षा जास्त तापतं, आणि कापलेल्या फुलाची कुक्षी (पराग टाकतात ते टोक) वाळते. पातळ पांढरं मलमल वापरा, झाडाच्या आतल्या सावलीतल्या फांद्या निवडा. कॅलिक्सची फक्त टोकं उडवा, आतल्या भिंतीवरचे पुंकेसर बारीक चिमट्याने काढा. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी साफ करायची, पराग सकाळी ९ च्या आत. काही फुलं साफ करून, पिशवी घालून, पराग न टाकताच सोडा. त्यांना फळ धरलं तर पराग बाहेरून येतोय.

स्लाइडवाला
कुक्षी वाळते हे मान्य, पण परागाला क्लीन चिट नको. कळी लहान असताना, पराग घडत असतानाच उष्णता बसली तर कण पोकळ राहतात. पिशवी बदलून ते सुधारत नाही.

केशरी_सुरई
मग वेगळं करून बघू. हस्त बहारातले (सप्टेंबर-ऑक्टोबरचे) साठवलेले भगव्याचे पराग आणि आत्ताचे ताजे, दोन्ही आत्ताच्याच मादी फुलांवर, एकाच सकाळी. साठवलेले २५ अंशाला रुजतायत याची आधी खात्री करा. साठवलेल्यांनी फळ धरलं, ताज्यांनी नाही, तर दोष परागाचा. दोन्हींनी धरलं नाही तर फुलाचा किंवा पिशवीचा.

भीमाकाठ
निवडीसाठीही दोन चाचण्या वेगळ्या ठेवा. उन्हात तयार झालेले पराग २५ अंशाला रुजवले की घडण्यातली सहनशक्ती कळते. थंडीतले पराग ४० अंशाला रुजवले की नळीची. एका झाडात दोन्ही असेलच असं नाही. सगळ्या झाडांचे पराग एकाच दिवशी, एकाच वेळी घ्या, आणि प्रत्येक खेपेला भगवा तुलनेला हवाच. नाहीतर त्या दिवसाच्या हवेचा फरक झाडाचा म्हणून मोजला जाईल. परागासाठी घंटीची फुलं तोडा, सुरईची मादीसाठी राखा.

तेल्यामुक्त
एवढा खटाटोप कशाला, मृग बहार (जून-जुलैचा) धरा की. ऊन उतरलेलं असतं.

भीमाकाठ
पावसात तेल्या (जिवाणूचा डाग रोग) पसरतो, तुम्हीच या नावाने लिहिता ना दादा! आणि यांना ऊन सोसणारी झाडं निवडायची आहेत, ऊन टाळून कशी निवडणार?

तेल्यामुक्त
बरं. पण दारूच का? २०१७ चं 'सोलापूर लाल' हे संकरित वाण बघा, भगवा × [(गणेश × नाना) × दारू] अशा जातींच्या संकरातून आलेलं. दारूचा अंश त्यात आहेच, आणि पराग इथेच ताजे मिळतील.

माळावरची_कळी
हे बरं झालं. या लाटेतल्या उरलेल्या सुरईच्या फुलांवर मलमल घालून भगवा आणि सोलापूर लालचे ताजे पराग टाकतो. हस्ताचे पराग माझ्याकडे नाहीत, ते यंदा साठवतो. दारूचे जुने आधी २५ अंशाला तपासतो. सिलिका जेल निळं होतं, आता गुलाबी झालंय, चालेल का?

स्लाइडवाला
नाही, गुलाबी म्हणजे ओल भरली. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशाला पुन्हा निळं होईपर्यंत तापवा, बंद भांड्यात गार करा, मगच पुडी आत ठेवा. गरम जेलवर पराग ठेवलात तर तेही जातील.