उजनीतल्या होड्यांना तांब्याचा रंग हवाच कशाला?

भीमाकाठ: फायबरच्या होडीला समुद्री होडीसारखा क्युप्रस ऑक्साइडचा (तांब्याचं संयुग असलेला, बुडाला काही चिकटू नये म्हणूनचा) रंग मारू नये, असं माझं स्पष्ट मत. समुद्रात होडीच्या बुडाला बार्नॅकल (कवचवाले समुद्री जीव) चिकटतात, ते गोड्या पाण्यात होत नाहीत. उजनी धरणात धरतं ते शेवाळ, आठवड्याला ब्रश मारला की निघतं. हा रंग पाण्यात तांबं झिरपवतच काम करतो: चौरस सेंटिमीटरला दिवसाला साधारण 10 मायक्रोग्रॅम. दहा चौरस मीटर बूड म्हणजे रोज 1 ग्रॅम. आणि हेच पाणी सोलापूर पितं.

हिशोबी: पिण्याची भीती घालू नका. 100 होड्या धरल्या तर वर्षाला 36 किलो. भरलेली उजनी 117 टीएमसी, म्हणजे 330 कोटी घनमीटर. लिटरला मायक्रोग्रॅमचा शंभरावा भाग! पिण्याच्या पाण्याची मर्यादा 50 मायक्रोग्रॅम आहे. सांगोल्याच्या डाळिंबावर 1 टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारताना एकरी 200 लिटरला 2 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) जातं, त्यात अर्धा किलो तांबं. एका फवारणीत एका होडीच्या वर्षभरापेक्षा जास्त. त्यावर कुणी धागा काढत नाही.

भीमाकाठ: बोर्डोतलं तांबं बरंचसं मातीत अडकतं, होडीचं थेट पाण्यात. आणि ते 117 टीएमसीत पसरतंय कुठं? घाटापाशी 100 बाय 100 मीटर, 2 मीटर खोल कोपरा धरा: 2 कोटी लिटर. तिथं 30 होड्या उभ्या राहिल्या तर लिटरला रोज दीड मायक्रोग्रॅमची भर. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये (मृतसाठ्यात) गेलं की असा कोपरा हलतच नाही. पाणपिसूसारख्या बारीक जिवांना, गोगलगाईंना लिटरला दहा-वीस मायक्रोग्रॅमही जड जातात. टीबीटीच्या (बोटींच्या रंगातलं कथिलाचं विषारी संयुग) वेळीही 'समुद्र मोठा आहे' हेच म्हणत होते. फ्रान्सच्या आर्काशोन खाडीत कालवांची शिंपली वेडीवाकडी झाली, तेव्हा 1982 मध्ये तिथं लहान बोटींना टीबीटीचा रंग मारण्यावर बंदी आली. जगभरची बंदी लागू व्हायला 2008 उजाडलं.

हिशोबी: टीबीटी नॅनोग्रॅममध्ये घात करायचं. तांब्याला त्याच्या पंक्तीला बसवू नका. आपलं पाणी कठीण आणि अल्कधर्मी, बरंचसं तांबं कार्बोनेटशी आणि सेंद्रिय गाळाशी बांधलं जाऊन निष्प्रभ होतं. तुमचे आकडे मऊ पाण्याचे.

बुडाखाली: गळण्यावर भांडताय, पण खरा घोळ खरडण्यात आहे. अशा रंगात लिटरमागे अर्धा किलोच्या आसपास तांबं असतं. जुना रंग काठावर कोरडा घासून 100 ग्रॅम तांबं चिखलात पडलं, की भीमाकाठभाऊंच्याच आकड्यानं एका होडीचं 100 दिवसांचं गळणं एका दुपारी झालं. होडी पाण्यापासून लांब ओढा, खाली ताडपत्री, 80 नंबरचा पॉलिश पेपर ओला करून घासा, तोंडाला मास्क. भुकटी बंद डब्यात, धोकादायक कचरा म्हणून द्यायची. ॲल्युमिनियमच्या होडीला तर तांब्याचा रंग बिलकूल नको, धातू खाऊन भोकं पडतात. आणि स्वस्त म्हणून डांबर फासणारे, त्यातही विषारी घटक असतातच.

हिशोबी: खरडण्याचं मान्य. पण पक्षी दाखवणाऱ्या मोटरबोटी हंगामभर पाण्यातच असतात. बुडाला शेवाळाचा थर वाढला की इंधन वाढतं, त्यांनी काय करायचं?

भीमाकाठ: बुडाला एपॉक्सीचे दोन हात. गोड्या पाण्यात फायबरला फोड जास्त येतात, तेही टळतं. आठवड्याला मऊ ब्रश, पंधरवड्याला एक दिवस वर ओढून उन्हात. सिलिकॉनच्या गुळगुळीत रंगाच्या नादी लागू नका, थर निसटायला वेग लागतो, पक्षी दाखवताना तो कुठून आणणार?

हिशोबी: ओढायला चार माणसं लागतात. ती मजुरी हिशोबात धरा, मग बोलू.