गाडीला स्वतः अलार्म बसवायचा आहे: कोणता घ्यावा, कसा जोडावा?

विषय: गाडीचा अलार्म, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

माझी गाडी जुनी, गिअरची आहे. किल्ली साधी, आत चिप नाही. गाडी रात्री रस्त्यावरच उभी असते आणि परवा आमच्या रांगेतल्या एका गाडीची काच फोडून आतलं सामान नेलं. बसवून घ्यायचं म्हटलं तर अलार्मच्या किमतीइतकीच मजुरी सांगतात, म्हणून स्वतःच बसवावा म्हणतोय. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे, पण गाडीच्या वायरिंगला अजून हात लावलेला नाही. किट इतकी दिसतात की काय बघून निवडावं तेच कळत नाही. कुणी हे काम केलं असेल तर सविस्तर लिहा.

----

उत्तर: गाडीचा अलार्म, सल्ला हवा

नमस्कार,

झेपेल. सुट्टीचा एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा आणि अंधार पडायच्या आत संपेल अशा बेताने सुरू करा.

आधी हे लक्षात घ्या की सायरनने काच फोडणारा पळतो, पण गाडीच न्यायला आलेल्याला सायरन पुरत नाही. त्याला अडवतो तो इंजिन चालू होऊ न देणारा रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारा स्विच. युरोपीय संघात १९९८पासून नव्या मोटारींना इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर (बहुधा किल्लीतली चिप ओळखल्यावरच इंजिन चालू होऊ देणारी यंत्रणा) सक्तीचा झाला. तुमच्या किल्लीत चिप नाही, म्हणजे गाडीला बहुधा तो नाही. त्यामुळे किट घेताना स्टार्टरचा (इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरचा) वीजपुरवठा तोडण्याची सोय आहे का, हे सगळ्यात आधी बघा.

दुसरं, रिमोट रोलिंग कोडचा हवा. त्यात दर वेळी बटण दाबलं की नवा कोड जातो. ठरावीक कोडच्या स्वस्त रिमोटचा सिग्नल कुणीही पकडून पुन्हा सोडू शकतो, असा अलार्म फुकट मिळाला तरी घेऊ नका. तिसरं, शॉक सेन्सर दोन टप्प्यांचा असावा: हलका धक्का लागला तर नुसती चिवचिव, जोराचा लागला तर पूर्ण सायरन. आणि किटमध्ये वाचता येईल असा वायरिंगचा नकाशा हवा. रिमोटवरचा रंगीत पडदा, सायरनचे सहा आवाज, यांवर पैसे घालू नका. रिमोटने इंजिन चालू करण्याची सोय तर गिअरच्या गाडीत वापरूच नका. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती पुढे उडी मारते.

आता जोडणी. वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक वायर मल्टिमीटरने तपासा. चोवीस तास १२ व्होल्ट दाखवते ती बॅटरीची. किल्ली ‘ऑन’वर आणि स्टार्टर फिरत असतानाही १२च्या आसपास दाखवते ती इग्निशनची. स्टार्टर मारताना शून्यावर जाते ती अ‍ॅक्सेसरीची, ती इग्निशन समजून जोडू नका. फक्त स्टार्टर मारतानाच व्होल्ट दाखवते ती स्टार्टरची. बल्बवाला टेस्टर वापरू नका. त्यातून जाणारा करंट एअरबॅगच्या किंवा कॉम्प्युटरच्या वायरीला धोक्याचा असतो. पिवळं आवरण किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, तिथे हातच घालायचा नाही.

तपासणी झाली की बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि मगच कापाकापी करा. स्टार्टरची वायर कापून तिची दोन टोकं रिलेच्या ३० आणि ८७ए या पायांना जोडा. ८६ला इग्निशन, ८५ला अलार्मची ‘आर्म झाल्यावर अर्थ’ देणारी वायर (अलार्म लावला की बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली जाणारी). ८७ए हा एरवी जोडलेला असणारा पाय आहे, त्यामुळे अलार्म बिघडला तरी तुम्ही रस्त्यात अडकत नाही. पण चोराने अलार्मचा डबा उपटला तरी गाडी चालू होते, म्हणून तो डबा डॅशबोर्डच्या खाली पहिल्याच हाताला लागेल असा लटकवू नका, वर खोल बांधा. रिले ४० अँपिअरचा घ्या आणि वायर मूळ वायरइतकी जाड.

सायरन बॉनेटखाली, तोंड खाली करून, म्हणजे पाणी साचत नाही. एक्झॉस्टपासून लांब. वायर आत आणताना पत्र्याला नवं भोक पाडण्याआधी जुना रबरी ग्रोमेट (वायरींच्या भोकातलं रबरी बूच) शोधा, बहुतेक वेळा त्यातून वाट निघते. बॉनेटला पिन स्विच (बॉनेट उघडलं की अलार्मला कळवणारा) लावायलाच हवा. तो नसेल तर बॉनेट उचलून सायरनची वायर तोडणं सोपं.

जोड मात्र सोल्डर करून, कापडी टेपने गुंडाळून. चिमट्याने दाबायचे झटपट जोड घेऊ नका, ते वर्षभरात ढिले होतात आणि मग अलार्म मध्यरात्री कारण नसताना कोकलतो. आजूबाजूच्या लोकांनी एकदा त्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली की अलार्म असून नसल्यासारखाच.

----

उत्तर: गाडीचा अलार्म, सल्ला हवा

काकांनी फार नीट लिहिलंय, पण एका मुद्द्याची भर घालते. गाडी गिअरची आहे. स्टार्टर तोडला तरी दोघांनी ढकलली आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की ती चालू होते. मग रिले इग्निशनच्याच वायरीवर का लावू नये?

आणि बॅटरीचा हिशेब आधी करा. अलार्म नुसता जागा असताना २० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास जातो, महिन्याला १४च्या वर. ६०ची बॅटरी असेल तर गाडी महिनाभर उभी राहिल्यावर पाव बॅटरी एकट्या अलार्मनेच संपवलेली असेल. सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी हे बघावंच. किटच्या माहितीपत्रकात हा आकडा नसेल तर मी ते घेणार नाही.

----

उत्तर: गाडीचा अलार्म, सल्ला हवा

ताई, ढकलून चालू करण्याचा मुद्दा अगदी खरा. तरीही इग्निशन तोडू नका असंच सांगेन. त्या वायरीवरचा एखादा जोड ढिला झाला किंवा रिले अडकला तर धावत्या गाडीचं इंजिन बंद पडतं, हायवेवर, मागे ट्रक असताना. स्टार्टरचा जोड गेला तर फार तर गाडी घरासमोर चालू होणार नाही. गिअरच्या गाडीला स्टिअरिंगवर आडवा लोखंडी लॉक लावा. तो लावला की ढकलून नेलेली गाडीही वळवता येत नाही, आणि बाहेरून दिसतो हाही फायदाच.

बॅटरीतून किती जातं ते काम झाल्यावर मोजा. निगेटिव्ह केबल काढून मीटर १० अँपिअरवर मध्ये जोडा, दारं बंद, अलार्म लावलेला, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. एकूण ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, त्याचा फ्यूज क्षणात जाईल.

----

उत्तर: गाडीचा अलार्म, सल्ला हवा

काका, ताई, मनापासून आभार. किट आलं, स्टिअरिंग लॉकही घेतला. वायरी शोधून चिकटपट्टीवर नावं लिहून ठेवलीत. एकाच ठिकाणी अडलोय. ड्रायव्हरच्या दाराची वायर दार बंद असताना १२ व्होल्ट दाखवते, उघडलं की शून्य. पण बाकीची दारं उघडली तर त्या वायरीवर काहीच फरक पडत नाही. कुठे चुकतंय का?

----

उत्तर: गाडीचा अलार्म, सल्ला हवा

काही चुकत नाही. उघडल्यावर शून्य, म्हणजे निगेटिव्ह ट्रिगर: दार उघडलं की ती वायर निगेटिव्हला जोडली जाते. अनेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराची वायर वेगळी असते, बाकी दारांची दुसरी. दोन्ही अलार्मच्या एकाच दाराच्या वायरीला आणायच्या, पण थेट जोडू नका, नाहीतर दोन्ही सर्किट एकमेकांत मिसळतील आणि कुठलंही दार उघडलं तरी गाडीला ड्रायव्हरचं दार उघडल्यासारखं वाटेल. प्रत्येक वायरीत एक १एन४००४ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) घाला, पट्टीची बाजू दाराकडे. डिकीचं कनेक्शन वेगळं असेल तर त्यालाही तसाच एक.

आतला दिवा दार लावल्यावर काही सेकंद पेटून राहत असेल तर अलार्मच्या सेटिंगमध्ये तेवढा विलंब द्या, नाहीतर लावल्या लावल्या वाजेल. शॉक सेन्सर स्टिअरिंग कॉलमच्या धातूच्या भागाला घट्ट बांधा, गालिच्यावर ठेवू नका. त्याची संवेदनशीलता ठरवणारा स्क्रू सगळ्यात कमीवर ठेवून सुरुवात करा, काचेवर मुठीने ठोकत हळूहळू वाढवा. शेजारून ट्रक गेल्यावर फक्त चिवचिव व्हायला हवी. पूर्ण सायरन वाजला तर स्क्रू पाव फेरा मागे घ्या.