‘उभयचर आक्रमण’ म्हणावे की आणखी काही?

प्रश्न : ‘वॉर इन द पॅसिफिक : ॲडमिरल्स एडिशन’ हा संगणकीय युद्धखेळ आम्ही काही मित्र ई-मेलवरून खेळतो. त्यात एक डाव म्हणजे एक दिवस, आणि नकाशावरचा एक षटकोन म्हणजे 40 सागरी मैल. बेटे घेण्याचे बेत आम्ही मराठीतच लिहून ठेवतो. ‘अ‍ॅम्फिबियस इन्व्हेजन’साठी मी वर्तमानपत्री ‘उभयचर आक्रमण’ वापरले, तेव्हा एका मित्राने ‘बेडकांची स्वारी’ म्हणून टर उडवली. याहून बरा शब्द आहे का? ‘कॉम्बॅट लोडिंग’ (लढाईच्या गरजेनुसार जहाज भरणे) आणि ‘बीचहेड’ (शत्रूच्या किनाऱ्यावर मिळवलेली पहिली जागा) यांनाही प्रतिशब्द हवे आहेत.

उत्तर : मित्राने उडवलेली टर अगदीच निराधार नाही. ‘उभयचर’ म्हणजे दोन्हीकडे संचार करणारा. हे विशेषण प्राण्याला शोभते आणि वाहनालाही शोभते. फ्लोरिडातील दलदलीत अडकलेल्यांची सुटका करता यावी म्हणून डोनाल्ड रोबलिंग यांनी बनवलेले ‘ॲलिगेटर’ हे पट्ट्यांचे वाहन पुढे अमेरिकी मरीन सैनिकांच्या कामी आले. ते पाण्यात तरंगे आणि खडकावर चढे, त्यामुळे ते खरेखुरे उभयचर. आक्रमण मात्र असे दोन्हीकडे संचार करीत नाही. ते समुद्रावरून येते आणि जमिनीवर जाते. त्याला परतीची वाट गृहीतच नसते.

‘सागरी उतरण’ हा पर्याय कोणी सुचवील, पण ‘उतरण’ म्हटले की घाटाचा उतार डोळ्यांपुढे येतो आणि ‘उतरणीला लागणे’ म्हटले की ऱ्हास. ‘उतारू फौज’ म्हणावे तर दादरला लोकलमधून उतरणारी गर्दी आठवते. मला वाटते, येथे नामाचा हट्टच सोडावा. मराठीत जहाजातून माणूस उतरतो आणि शत्रूवर चढाई करतो. ‘उतरून चढाई’ ही जोडी ऐकायला गमतीची असली तरी तिच्यात कामाचा क्रम अचूक येतो. ‘बेशिओ बेटावर फौज उतरवून चढाई करायची आहे’ या वाक्यात काहीही कमी पडत नाही. (बेशिओ हे प्रशांत महासागरातल्या तारावा या कंकणद्वीपाचे एक बेट.)

‘कॉम्बॅट लोडिंग’ अधिक रंजक आहे. बाजार समितीतल्या हमालांचा ‘भराई’ हा शब्द तयार आहे. त्याचा जोडीदार ‘उतराई’ मात्र ‘उपकाराची उतराई होणे’ या वाक्प्रचाराने अडवून ठेवला आहे. प्रश्न भरण्याचा नसून क्रमाचा आहे. किनाऱ्यावर जे आधी लागेल ते जहाजात शेवटी, म्हणजे सर्वांत वर ठेवावे लागते. 1942 च्या जुलैमध्ये न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या धक्क्यावर अमेरिकेच्या पहिल्या मरीन डिव्हिजनला व्यापारी पद्धतीने भरून आलेली जहाजे रिकामी करून या क्रमाने पुन्हा भरावी लागली. पाऊस कोसळत होता, पुठ्ठ्याची खोकी भिजून फुटली आणि आतल्या खाद्यपदार्थांचा धक्क्यावर लगदा झाला. तरीही 7 ऑगस्टला सॉलोमन बेटांपैकी ग्वाडलकॅनालवर उतरल्यानंतर दोनच दिवसांत, साव्हो बेटाजवळ दोस्तांच्या आरमाराच्या झालेल्या पराभवामुळे, वाहतूक जहाजे बराचसा माल पोटात तसाच घेऊन परत गेली. आपल्या माजघरातली उतरंड आठवा : वरचे मडके काढल्याखेरीज खालच्याला हात लागत नाही. म्हणून मी ‘उतरंडीची भराई’ म्हणेन. शब्द घरगुती आहे, पण ऐकणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

‘बीचहेड’साठी एकच शब्द शोधू नये. ‘पाय टेकणे’ आणि ‘ठाणे बसणे’ यांत फरक आहे. 20 नोव्हेंबर 1943 च्या संध्याकाळी बेशिओवर सुमारे 5,000 मरीन उतरले होते आणि त्यांपैकी सुमारे 1,500 मृत वा जखमी होते. त्या रात्री त्यांनी पाय टेकले होते इतकेच म्हणता येईल. ठाणे बसले असे म्हणायला रसद, तोफा आणि पाणी किनाऱ्यावर यावे लागते.

शंका : ‘चढाई’ने शेवटचा टप्पाच सांगितला जातो. संपूर्ण मोहिमेला एक नाव नको का?

उत्तर : ‘आरमारी मोहीम’ म्हणावे, 1665 मध्ये शिवाजी महाराजांनी गलबतांतून फौज नेऊन बसरूरवर केलेल्या स्वारीलाही ते नाव चालते. पण बेत लिहिताना एकाच नावाखाली सारे झाकू नये, कारण चूक टप्प्यात होते. याच बेशिओची गोष्ट घ्या. प्रवाळखडकावर निदान पाच फूट पाणी असेल असा अंदाज होता. फौज किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स बोटींना सुमारे चार फूट पाणी लागे आणि प्रत्यक्षात तीन फुटांच्या आसपासच मिळाले. पट्ट्यांची वाहने खडक ओलांडून गेली, बोटी अडकल्या, आणि माणसांना गोळीबारात शेकडो यार्ड पाण्यातून चालत जावे लागले. येथे मराठी तोकडी नाही. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती ते ‘उधाण’ आणि अष्टमीच्या सुमाराची, पाणी फारसे न चढणारी भरती तो ‘भांग’, हे कोकणातल्या कोणत्याही नाखव्याच्या तोंडी असते. ती चढाई वद्य अष्टमीच्या सुमारास, ऐन भांगात झाली होती. ‘भांगात फौज उतरवली’ या तीन शब्दांत ते अरिष्ट मावते. कंकणद्वीप, खारकच्छ आणि पुळण हे शब्द तर शालेय भूगोलातच आहेत.

प्रश्नकर्ता : माझी चूक आता उमगली. वहीत मी ‘उभयचर आक्रमण, तारावा’ एवढेच लिहिले होते. या खेळात प्रत्येक पलटणीला लक्ष्य नेमून द्यावे लागते आणि तिची पूर्वतयारी हळूहळू 100 पर्यंत वाढते. माझी एक डिव्हिजन मात्र तारावाऐवजी माकिन या दुसऱ्याच कंकणद्वीपाची तयारी करीत बसली होती, हे जहाजे निघाल्यावर दिसले. लक्ष्य बदलताच आकडा शून्यावर आला. आता त्याच पानावर चार ओळी केल्या आहेत : लक्ष्य नेमले, उतरंडीने भरले, उतरवले, ठाणे बसले. पहिल्या ओळीसमोर अजून खूण केलेली नाही.