ऐनाच्या सालीचा पोत छायाचित्रात का उतरत नाही?

प्रश्न: नागझिरा अभयारण्यात भर दुपारी टिपलेल्या ऐनाच्या झाडाच्या खोडावरील मगरीच्या पाठीसारखे खवले छायाचित्रात सपाट दिसतात. वेगळी लेन्स घ्यावी का?

उत्तर: लेन्सपेक्षा प्रकाशाची दिशा महत्त्वाची आहे. सकाळचे तिरपे ऊन खोडाला घासून जात असताना टिपल्यास भेगाभेगांत सावली धरते आणि पोत उठून येतो. खोड गोल असल्याने कडा धूसर होतात. म्हणून ट्रायपॉड लावून लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ते एफ/११ इतके लहान ठेवावे.

दुसरे उत्तर: कांडोळाचे झाड मात्र अपवाद मानावे. त्याची कागदासारखी सुटणारी साल उन्हात पांढरीफटक येते. तिच्या गुलाबी, हिरवट छटा मला ढगाळ उजेडातच समाधानकारक मिळाल्या आहेत.

तिसरे उत्तर: पावसात भिजलेल्या सालीवरील चकाकी लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवून कमी करता येते. चौकटीसाठी शेवाळ किंवा सुटलेली साल कृपया खरवडू नये. तिच्याआड कीटक राहतात.