शब्दचर्चा: फडणीस, चिटणीस, पारसनीस या आडनावांतला ‘नीस’ आणि बंगालमधला त्याचा भाऊबंद

कर्वेनगरकर
फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस, सबनीस, कारखानीस, जमेनीस, कोटणीस, खासनीस ही सगळी आडनावे ‘नीस’ या एकाच घटकाने संपतात. हा प्रत्यय आहे की स्वतंत्र शब्द? दुसरी शंका ‘फडणीस’ यातील ‘फड’विषयी आहे. तमाशाचा फड, कुस्तीचा फड, उसाचा फड आणि गप्पांचा फड आपण नेहमी बोलतो; फडणिसाचा फड त्यांच्यापैकीच आहे की वेगळा? आणि जाता जाता आणखी एक विचारतो, महालनोबिस या बंगाली आडनावाचा या मंडळींशी काही संबंध लागतो का?

मोडीवाचक
‘नीस’ हा प्रत्ययासारखा वापरला जात असला तरी तो मुळात फारसी शब्द आहे. फारसीत ‘नविश्तन’ म्हणजे लिहिणे, आणि त्याच क्रियापदाचे ‘नवीस’ हे रूप समासाच्या शेवटी आले की ‘लिहिणारा’ असा अर्थ देते. सुंदर अक्षर लिहिणारा तो खुशनवीस, बातमी लिहिणारा तो अखबारनवीस, कथा लिहिणारा तो अफसानानवीस. हे शब्द उर्दूत आजही चालतात. आधुनिक इराणमध्ये संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ‘बर्नामे-नेवीस’ म्हणतात, त्यामुळे हिंजवडीत नोकरी करणाऱ्या निम्म्या पुण्याला फारसीच्या हिशेबाने ‘नीस’ हे उपपद लावायला हरकत नसावी.

मराठीत ‘नवीस’मधला ‘व’ बोलण्याच्या ओघात झिजला आणि ‘नीस’ उरला. हे शब्द बहमनी आणि त्यानंतरच्या सुलतानी कारभारातून मराठी दफ्तरात आले आणि शिवकाळापर्यंत इतके रुळले होते, की त्यांना परके म्हणण्याचे कारण सामान्य कारकुनाला वाटत नसे. प्रत्येक शब्दाचा पूर्वार्ध कामाचे क्षेत्र सांगतो. चिठ्ठ्या, पत्रे, आज्ञापत्रे लिहिणारा चिटणीस. पोत्याचा, म्हणजे खजिन्याचा, हिशेब लिहिणारा पोतनीस. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस. जमेच्या नोंदी ठेवणारा जमेनीस. कोटाचे, म्हणजे किल्ल्याचे, लेखन पाहणारा कोटणीस.

कारखानीस या शब्दाबाबत मात्र आजच्या वाचकाची हमखास फसगत होते. ‘कारखाना’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रे आणि भोंगा येतो. जुन्या मराठीत कारखाना म्हणजे कोठार किंवा सरकारी सामग्रीचे खाते होते, आणि राज्यकारभाराच्या वर्णनात ‘अठरा कारखाने, बारा महाल’ असा जोड येतो. सभासदाच्या बखरीत गडावरील अधिकाऱ्यांची व्यवस्था दिली आहे, तिच्यात किल्ल्या सांभाळणारा हवालदार आणि फौज पाहणारा सरनोबत यांच्या बरोबरीने लेखन पाहणारा सबनीस येतो आणि धान्य व सामानसुमानाच्या जमाखर्चासाठी कारखानीस येतो. गड एकाच माणसाच्या हाती राहू नये, म्हणून किल्ल्या, फौज आणि लेखणी वेगवेगळ्या हातांत दिल्या होत्या. म्हणजे ‘नीस’ हा केवळ बसून खर्डे लिहिणारा माणूस नव्हता; त्याच्या नोंदीशिवाय शिधा बाहेर पडत नसे, ही त्याची खरी सत्ता होती.

सदाशिव पेठेतील एक वाचक
‘फड’ या शब्दाबाबत घाई करू नये, असे मला वाटते. फारसीत ‘फर्द’ म्हणजे सुटा कागद, यादी, नोंदीचे पान. तेव्हा मूळ शब्द ‘फर्दनवीस’ असावा आणि त्याचा ‘फडनवीस’ झाला असावा, ही व्युत्पत्ती अनेकांनी मांडली आहे आणि ती अर्थाला चपखल बसते. इंग्रजांनीही नाना फडणवीसांचे नाव ‘फर्नवीस’ असेच लिहिले आहे. ग्रँट डफच्या 1826 च्या मराठ्यांच्या इतिहासात ‘र’ स्पष्ट दिसतो. त्यांच्या कानांवर ‘र’ पडला, म्हणूनच तो कागदावर आला ना?

मोडीवाचक
इंग्रजी लेखनाचा पुरावा इथे उपयोगी पडत नाही. त्या काळचे इंग्रज आपला ‘ड’ सर्रास ‘आर’ या अक्षराने लिहीत. रायगड आणि सिंहगड यांची त्याच पुस्तकातील रूपे पाहावीत. दोन्हींच्या शेवटी ‘ड’च्या जागी ‘आर’ आहे, आणि म्हणून ‘गड’ हा शब्द ‘गर्द’पासून आला असे कोणी म्हणत नाही. स्वरानंतरचा मराठी ‘ड’ त्यांच्या कानाला ‘र’सारखा लागे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

‘पूर्वार्धही फारसीच असला पाहिजे’ हे गृहीतकही टिकत नाही, कारण चिटणीस आणि कोटणीस यांचे पूर्वार्ध देशी आहेत. देशी शब्दाला फारसी शेपूट जोडण्याची रीत चांगलीच प्रचलित होती. माझा कल ‘फड’कडे आहे, आणि त्याचे कारण पेशव्यांच्या दफ्तराच्या रचनेत सापडते. पुण्यातील हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते, चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरातच ‘फड’ या नावाचा एक विभाग होता आणि तो थेट फडणिसाच्या हाताखाली चाले. बेहडा (अंदाजपत्रक), सरंजाम (सरदारांच्या नेमणुका) हे त्याचे शेजारी विभाग. रोजच्या व्यवहाराची रोजकीर्द, सनदा, हिशेबांची तपासणी ही कामे तिथे होत. एकबेरीज दफ्तरात सगळ्या खात्यांचे हिशेब येऊन पडत आणि त्यांचे वर्षाचे तर्जुमे, म्हणजे गोषवारे, तयार होत. ज्या खात्याचे नाव फड, त्याचा लिहिणारा फडनवीस. यासाठी ‘फर्द’ला तसदी देण्याची गरज मला दिसत नाही.

आता कर्वेनगरकरांच्या प्रश्नाकडे वळतो. फड म्हणजे माणसे कामासाठी किंवा खेळासाठी जिथे जमतात ती जागा, आणि पुढे तो जमाव. कचेरीचा फड, तमाशाचा फड आणि कुस्तीचा फड या अर्थाने एकाच शब्दाच्या शाखा आहेत. ‘फड जिंकणे’ हा वाक्प्रचार कचेरीत जन्मला नसावा, हे उघड आहे.

भाषाशास्त्राची विद्यार्थिनी
वरच्या यादीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे आणि तिच्यावर कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते. फडणीस, चिटणीस, कोटणीस यांत ‘ण’ आहे. पोतनीस, सबनीस, जमेनीस, खासनीस, कारखानीस यांत ‘न’ आहे. फारसीत ‘ण’ नाहीच, तेव्हा मूळ उच्चार सगळीकडे ‘न’ होता. ज्या शब्दांत ‘न’च्या लगेच आधी ‘ट’ किंवा ‘ड’ येतो, तिथे जीभ टाळूकडे वळलेलीच असते आणि पुढचा ‘न’ही तिथेच उच्चारला जाऊन ‘ण’ होतो. ‘पारसनीस’मध्ये ‘र’ असल्यामुळे संस्कृत णत्वाची, म्हणजे ‘र’नंतरच्या ‘न’चा ‘ण’ करणाऱ्या नियमाची, आठवण एखाद्याला होईल. परंतु मराठीत बदल घडतो तो लगतच्या व्यंजनामुळे, म्हणून तिथे ‘न’ टिकला. जुन्या लेखनात ‘फडनवीस’ आणि ‘फडणवीस’ दोन्ही आढळतात, त्याचेही हेच कारण आहे. एक लिहिणारा मुळाला धरून लिहितो, दुसरा उच्चाराला.

ऱ्हस्वदीर्घाबाबत तर मोडीने प्रश्नच ठेवला नाही. मोडीत इकाराचे एकच चिन्ह चालते, त्यामुळे दफ्तरातील कागदावरून ‘निस’ की ‘नीस’ याचा निवाडा होऊ शकत नाही. दीर्घ ‘नी’ हा निर्णय नंतरच्या देवनागरी छपाईने घेतलेला आहे आणि तो फारसी उच्चाराशी जुळतो.

कर्वेनगरकर
हे वाचून वाटले, की नागपूरकडे ‘चिटणवीस’, ‘फडणवीस’ अशी पूर्ण रूपे अधिक ऐकू येतात आणि पुण्याकडे ‘चिटणीस’, ‘फडणीस’ अशी आखूड. सर गंगाधरराव चिटणवीस नागपूरचे आणि देवेंद्र फडणवीसही नागपूरचेच. यात काही प्रादेशिक सूत्र आहे का?

मोडीवाचक
कल दिसतो, पण तो नियम मानू नये, कारण सर्वांत प्रसिद्ध फडणवीस पुण्यातच होऊन गेले. नागपूरचे चिटणवीस हे नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील घराणे. तिथे पदाचे पूर्ण नाव घराण्याला चिकटून राहिले, एवढे म्हणता येईल.

यातूनच एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. ही आडनावे वंशाची नसून बैठकीची आहेत. नाना फडणवीसांचे नाव बाळाजी जनार्दन आणि घराण्याचे आडनाव भानू. मूळ गाव कोकणातील वेळास. त्यांचे आजोबा बाळाजी महादेव भानू हे बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीला गेले होते आणि 1719 मध्ये तिथेच मारले गेले. पुढे फडणिशी घराण्यात चालत राहिली आणि ‘भानू’ मागे पडले. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे आडनाव चित्रे होते, तेही असेच चिटणीस झाले. शिंद्यांचे फडणीस वेगळे, होळकरांचे वेगळे, लहान सरदारांचेही आपापले. पद एक, पण त्यावर बसणारी घराणी अनेक; देशस्थ, कोकणस्थ, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा वेगवेगळ्या ज्ञातींची. म्हणून दोन फडणीस भेटले की ते भाऊबंद असतील, असे मानण्यास काही आधार नाही.

पुण्यात कोणी आपले आडनाव फडणीस सांगितले, की ‘नाना तुमचे कोण?’ हा प्रश्न ठरलेला असतो. नानांना मागे पुत्र राहिला नव्हता. 13 मार्च 1800 रोजी ते वारले आणि पुढे त्यांच्या पत्नी जिऊबाई यांनी दत्तक घेतला. शनिवारवाड्याजवळचा नाना वाडा, लक्ष्मी रस्त्यावरचे बेलबाग आणि नाना पेठ ही त्यांची पुण्यातील नावे. मात्र या शहरातील बहुतेक फडणीसांचा त्या घराशी आडनावापलीकडे संबंध नाही.

सदाशिव पेठेतील एक वाचक
‘फड’बाबत माझे मत मी अजून पूर्ण सोडलेले नाही, परंतु चालत्या दफ्तराचा मुद्दा वजनदार आहे हे मान्य करतो. एक भर घालतो. राज्याभिषेकाच्या वेळी, 1674 मध्ये, फारसी पदनामे बदलून संस्कृत नावे दिली गेली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री आणि डबिराचा सुमंत. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोशही त्याच प्रयत्नातला. सर्वांत वरच्या काही घराण्यांना ही नवी नावे चिकटली. भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंत अमात्य. पण खालच्या कचेरीत लेखणी चालवणारे ‘नीस’ मात्र ‘नीस’च राहिले, आणि वाकनीस हे आडनावही आज शिल्लक आहे. कागदपत्रांच्या शेवटी येणारा ‘सुरू सूद’ हा नोंदीचा शेराही फारसीच. सिंहासनापाशी भाषा बदलता आली, रोजच्या खतावणीत ती बदलली नाही.

कोलकात्यात वाढलेला बाणेरकर
माझी आई मराठी आणि शिक्षण कोलकात्यात झाले, म्हणून महालनोबिसांविषयी मी सांगतो. बंगालीत ‘व’चा उच्चार ‘ब’ होतो, त्यामुळे ‘नवीस’चे ‘नबिश’ झाले. महालनबिश म्हणजे महालाचा, म्हणजे महसुली विभागाचा, लेखनिक. प्रशांतचंद्र महालनोबिस (1893–1972) यांनी 1931 मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा त्यांच्या प्रतिमानावर उभा राहिला आणि त्यांचा जन्मदिवस, 29 जून, सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. विदाशास्त्रात ‘महालनोबिस अंतर’ रोज वापरणाऱ्या पुण्यातील मुलामुलींना हे ठाऊक नसते, की त्या नावाचा उत्तरार्ध त्यांच्या शेजारच्या पोतनीसांच्या दारावरील पाटीवर आहे.

बंगालमध्ये खासनबिश आणि पत्रनबिश हीसुद्धा आडनावे आहेत. खासनबिश आणि आपले खासनीस हे तर एकच पदनाम, दोन प्रांतांत दोन वळणांनी गेलेले. आडनावांच्या बाहेरही तो शब्द बंगालीत जिवंत आहे; उमेदवारी करणाऱ्याला ‘शिक्षानबिश’ म्हणतात. दोन्ही प्रांतांनी एकमेकांकडून हे उचललेले नाही. दोघांच्याही सरकारांची दफ्तरे फारसीत होती आणि त्या दफ्तरांची पदे दोघांच्याही घरात आडनावे होऊन बसली.

भाषाशास्त्राची विद्यार्थिनी
याच यादीतील एक आडनाव बंगालच्याही पलीकडे गेलेले आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. चीनमध्ये ते ‘के दिहुआ’ या नावाने ओळखले जातात आणि शिज्याझुआंग येथे त्यांचा पुतळा आहे. पहिले अक्षर ‘के’ हे ‘कोटणीस’मधल्या ‘को’साठी घेतलेले, म्हणजे त्या प्रवासात कोट थोडासा उरला आणि ‘नीस’ पूर्ण गळाला.

रोमन लेखनात आणखी वेगळा गोंधळ आहे. ‘फ’साठी ‘पी-एच’ की ‘एफ’, ‘नवीस’ की ‘नीस’, यांच्या जोड्या लावल्या तर एकाच आडनावाची चार लेखने सहज होतात, आणि एकाच घरातील वडिलांच्या पारपत्रावर एक तर मुलाच्या दाखल्यावर दुसरे असे प्रकार घडतात. ‘पी-एच’ हे जुने वळण आहे. ‘एफ’ लिहिणाऱ्यांची संख्या वाढली, कारण शहरी मराठीत ‘फ’चा उच्चारच ओठ आणि दात यांच्यामधला होत चालला आहे.

कर्वेनगरकर
शेवटची एक शंका. संस्था आणि पक्ष यांच्यात ‘चिटणीस’, ‘सरचिटणीस’ ही पदे अजून आहेत. तेव्हा ‘चिटणीसांनी अहवाल वाचला’ या वाक्यात पद आहे की आडनाव, हे वाचकाला कसे कळावे?

मोडीवाचक
या घराण्यातले हे एकच नाव आज चालू पद म्हणूनही शिल्लक आहे. फडणीस आणि पोतनीस केव्हाच निवृत्त झाले. लेखनात फरक करता येतो. सामान्य नामाचे सामान्यरूप करताना उपांत्य दीर्घ ‘ई’ ऱ्हस्व होते, म्हणून पद असेल तर ‘चिटणिसांनी अहवाल वाचला’. आडनाव असेल तर मी मूळ अक्षरे मोडत नाही आणि ‘चिटणीसांनी’ असे दीर्घच ठेवतो. जुन्या गद्यात ‘फडणिसांचा वाडा’ असे आडनावालाही ऱ्हस्व केलेले सापडेल, आणि ते चूक म्हणता येणार नाही. संस्थेच्या इतिवृत्तात सरचिटणिसांचे आडनावच चिटणीस असेल, तर मात्र त्यांचे पूर्ण नाव लिहावे, म्हणजे ऱ्हस्वदीर्घावर भिस्त ठेवावी लागणार नाही.